झाकलेली पाटी

त्या पाटीत काय होतं?

हे मी अनशीकाकूला विचारलं. तिच्या नवऱ्याला विचारलं. पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारलं. दहाव्याला जमलेल्या सगळ्या गावालाही विचारलं. कुणी सांगितलं नाही. आता मी विचारत नाही. लहान मुलांना सांगतात तशी गोष्ट सांगतो. ऐकणाऱ्याने आपलं आपण काय ते ठरवावं.

एका गावात एक माळीण होती. तिचं नाव हौसा. आईबाप लवकर गेले. मागे नदीकाठचा भाजीचा मळा राहिला आणि एक धाकटा भाऊ राहिला. तिने मळा राखला आणि भाऊ वाढवला. तो भाऊ मी. माझं नाव निवृत्ती, पण ती मला निवरत्या म्हणायची. मी तिला आक्का म्हणायचो.

गावापासून शहर फार लांब नव्हतं. मोठा रस्ता टेकडीला वळसा घालून जायचा, म्हणून सगळे नदीकाठच्या पायवाटेनेच चालत. सकाळी डोक्यावर भाजी, फुलं, मडकी घेऊन शहराकडे जायचं आणि दुपारी रिती पाटी घेऊन परत यायचं. वाट चांगली होती. करंजाची सावली होती, पाय भाजत नसत. फक्त एका ठिकाणी टेकडी थेट नदीत उतरत होती. तिथे एका हाताला मुरमाचा उभा कडा आणि दुसऱ्या हाताला खोल डोह. मधून वाट जेमतेम एका माणसापुरती. पाट्या घेतलेली दोन माणसं समोरासमोर आली, की एकाने कड्याला खांदा लावून चालायचं आणि दुसऱ्याने डोहाच्या अंगाला, अगदी काठावर, पाय जुळवून उभं राहायचं.

कुणी कुठे राहायचं ते जुन्या माणसांनी ठरवून दिलं होतं. भरल्या पाटीला आतली बाजू, रित्या पाटीला बाहेरची. ओझं घेतलेल्या माणसाचा तोल जाऊ नये एवढाच त्यातला हेतू. रिती पाटी डोक्यावर पालथी घालून चालायचं, म्हणजे समोरच्याला लांबूनच कळतं. आणि भरलेल्याने पुढे जाताना रित्याला म्हणायचं, "सुखी राहा." पोर चालायला लागलं की त्याला हे शिकवत. कुणी त्यावर भांडलेलं मी ऐकलं नव्हतं.

मग एका पावसाळ्यात पुराने काठ खाल्ला. बाहेरची बाजू वीतभर आत आली. तिथे उभं राहिलं की टाचेमागे काही नसायचं. लोकांना भीती वाटू लागली, आणि वाटणारच. तेव्हा कुणाला तरी युक्ती सुचली. रिती पाटी पालथी घालायचीच नाही. ती सुलटी ठेवायची, वर फडकं टाकायचं, कोपरे खोचायचे आणि मान जरा दाबून चालायचं. समोरच्याला वाटतं भरलेली आहे. पहिल्यांदा कुणी केलं ते माहीत नाही. बघता बघता सगळे करायला लागले. आतल्या बाजूने जायचे, आणि जाताना "सुखी राहा" असंही म्हणायचे. फक्त म्हणताना वर बघायचे नाहीत.

एकदा त्यावरून मोठी गंमत झाली. धुरपदाबाई शहरातून परत येत होती आणि आमच्या शेजारची अनशीकाकू बाजार आणायला शहराकडे निघाली होती. दोघींच्या पाट्या रित्या, दोघींच्या पाट्यांवर फडकी. नेमक्या कड्याखाली समोरासमोर आल्या.

"जरा सर की बाई, मान मोडतीया माझी," धुरपदा म्हणाली.

"आणि माझी काय लाकडाची हाय?" अनशीकाकू म्हणाली.

कुणीच सरेना. दोघी कंबरेवर हात ठेवून उभ्या, जसं काही डोक्यावर जातंच घेतलंय. तेवढ्यात अनशीकाकूच्या मागून सावळा कुंभार आला. त्याच्या डोक्यावर खरीच मडकी होती. तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "बायांनो, माझी मडकी निदान वाजत्यात तरी. तुमचं ओझं लई गुमान हाय."

दोघींना असं हसू फुटलं की धुरपदाची पाटी डोक्यावरून घसरली आणि फडकं उडून डोहात गेलं. ती तशीच हसत मागे मागे सरकत गेली तेव्हा वाट मोकळी झाली. ही गोष्ट गावात कितीतरी दिवस सांगितली जायची. लोक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पाटीवर फडकं होतंच.

फक्त आक्का रिती पाटी पालथी घालायची.

त्यामुळे झालं असं, की दुपारी परत येताना काठावर उभं राहायची पाळी रोज तिच्यावरच यायची. समोरून येणारं प्रत्येक माणूस भरलेलं. ती सगळ्यांना वाट द्यायची. बायका तिला चिडवायच्या, हौसे, तू तर काठावरची पाणकोंबडी झालीस, आता घरटं पण तिथंच बांध. ती हसायची. मला राग यायचा. मी तिला म्हणालो, तू पण फडकं टाक, मी आणून देतो, माझा जुना सदरा फाडतो.

ती वांग्यांना पाणी देत होती. म्हणाली, "रित्या दिवशी भरली म्हणाले, तर भरल्या दिवशी मला कोण वाट देईल?"

मी म्हणालो, सगळ्याजणी देतातच की एकमेकींना.

"देत न्हाईत रे. घेतात."

मग निदान त्यांना फडकं उचलायला तरी सांग, असं मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, दुसऱ्याच्या पाटीत डोकवायला मी काय जकातनाक्यावर बसलेय? आणि पुन्हा पाणी द्यायला लागली. तिच्याशी भांडून कधी कुणी जिंकलं नाही, कारण ती भांडायचीच नाही.

अनशीकाकूबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. आई गेली तेव्हा आक्काच्या डोक्यावर पहिली पाटी तिनेच ठेवली होती. लुगड्याच्या तुकड्याची चुंबळ कशी वळायची, ती डोक्यावर नेमकी कुठे ठेवायची, म्हणजे मान धरत नाही, हे सगळं तिने शिकवलं. आक्का तिला आईच्या जागी मानायची. तिच्या घरचा पहिला दोडका असो की पहिली काकडी, आमच्याकडे यायची. ती वाईट बाई नव्हती. अजूनही नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा पूर आला, आणि तो ओसरून चांगलं ऊन पडलं होतं. पाण्याने काठ खालून पोखरला होता, पण वर गवत तसंच हिरवं होतं, म्हणून कुणाला कळलं नाही. आक्का सकाळी मेथी आणि वांगी घेऊन गेली. माल लवकर संपला असणार, कारण दुपार कलायच्या आत ती परत निघाली. आणि अनशीकाकू बाजार आणायला शहराकडे चालली होती.

कड्याखाली काय झालं ते एकट्या अनशीकाकूने पाहिलं. तिने एवढंच सांगितलं. "हौसा समोरून आली. तिची पाटी पालथी होती. मला बघून ती काठावर जाऊन उभी राहिली. मी सुखी राहा म्हणाले. आणि काठ गेला."

अनशीकाकू पळत गावात आली तेव्हा पाटी तिच्या काखेत होती. मी मळ्यात होतो. ऐकलं आणि धावत सुटलो. कड्याखाली वाटेचा बाहेरचा भाग तुटून पडला होता. डोह गढूळ झाला होता. मी तिच्या नावाने हाका मारल्या. उडी मारायला निघालो, लोकांनी धरलं. तेव्हा मी दुसरं काही पाहिलं नाही. पण नंतर डोळे मिटले की ती वाट दिसायची, आणि त्या वाटेवर भाजीचं एक पानसुद्धा सांडलेलं नव्हतं.

संध्याकाळच्या सुमारास मासे धरणाऱ्या भोयांना आक्का खालच्या वळणावर सापडली. पाटी सापडली नाही.

गाव आलं. सगळं गाव आलं, खोटं कशाला बोलू. कुणी लाकडं आणली, कुणी माझ्या हाताला धरून मडकं फिरवायला लावलं, अनशीकाकूच्या घरून भाकऱ्या आल्या. आणि बसल्या बसल्या लोक बोलायला लागले. पाय घसरला असेल. चक्कर आली असेल, पोर उपाशी चालायची. काठावर इतकं पुढं कशाला जावं? ज्याचं त्याचं नशीब. मी ऐकत होतो. माझी आक्का त्या वाटेने झोपेतसुद्धा चालली असती. ती घसरली नव्हती. तिने वाट दिली होती. एवढं एक वाक्य कुणीतरी मोठ्याने म्हणावं, असं मला वाटत होतं.

म्हणून मी अनशीकाकूकडे गेलो आणि विचारलं, काकू, त्या दिवशी तुझ्या पाटीत काय होतं? तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. तिचा नवरा म्हणाला, "निवरत्या, गेलेलं माणूस परत येतंय का? मग कशाला?" पारावरचे म्हातारे म्हणाले, सुतकात असलं विचारू नये. मी म्हणालो, मग सुतक संपल्यावर विचारतो.

दहाव्या दिवशी नदीच्या वाळूत पिंड ठेवला. कावळे करंजाच्या झाडावर बसले होते, भरपूर होते. एकही खाली येईना. भटजी म्हणाले, काहीतरी इच्छा राहिलीय. मग एकेकजण पुढे येऊन हात जोडून सांगायला लागला. हौसे, तुझ्या भावाला आम्ही बघू. हौसे, मळा ओस पडू देणार नाही. धुरपदा म्हणाली, त्याचं लगीन मी लावून देईन, माझ्या भाचीशी लावीन. कावळे मान वाकडी करून बघत राहिले.

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "तिची इच्छा मला ठाऊक हाय. पाटीत काय होतं ते सांगा."

वाळूवर होती तेवढी माणसं खाली बघायला लागली. अनशीकाकू एकटी नव्हे, सगळी. सावळा कुंभारसुद्धा, ज्याच्या डोक्यावर नेहमी खरीच मडकी असायची. एकीने तोंड उघडलं असतं तर सगळ्यांची फडकी उचलावी लागली असती. ऊन चढत गेलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला टेकवला, आणि लोक अंघोळ करून घरी गेले. ती इच्छा खरंच तिची होती की माझी, ते मला अजून कळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी काठी घेऊन कड्याखाली बसायला लागलो. तुटलेल्या जागी लोकांनी दगड-माती टाकून वाट कशीबशी चालती केली होती. येईल त्याला अडवायचो. फडकं उचल म्हणायचो. नाही उचललं तर काठीने उडवायचो. आत काही नसलं की पाटी डोहात फेकून द्यायचो. कुणी शिव्या दिल्या, कुणी रडलं. धुरपदा म्हणाली, भाची गेली उडत, तू आधी माझी पाटी भरून दे. बाकीचे म्हणाले, बहिणीच्या दुःखाने पोरगं बिथरलंय, आणि वळसा घालून मोठ्या रस्त्याने जायला लागले. अनशीकाकू त्या वाटेला आलीच नाही.

अशात एका सकाळी पलीकडच्या वाडीची एक म्हातारी आली. मी तिला ओळखत नव्हतो. डोक्यावर पाटी, पाटीवर धडपा. मी काठी आडवी घातली. ती म्हणाली, भरलेली हाय बाबा, वाट दे. मी म्हणालो, सगळे हेच म्हणतात. आणि हात वर करून धडपा ओढला.

पाटीत गोधडी होती. गोधडीत तिची नात होती, दोन-अडीच वर्षांची. तोंड तापाने लाल झालेलं, ओठ वाळलेले. डोळ्यांवर ऊन आल्याबरोबर ती रडायला लागली. रडणंसुद्धा बारीक, मांजराच्या पिल्लासारखं. म्हातारी तिला शहरातल्या दवाखान्यात घेऊन चालली होती.

मला वाटलं ती मला शाप देईल. तिने दोन्ही हातांनी पाटी सावरली आणि म्हणाली, "बघितलंस? आता वाट दे."

मी धडपा पुन्हा पाटीवर घातला. आतली बाजू तिची होती. मी काठी टाकली आणि काठावर जाऊन पाय जुळवून उभा राहिलो. टाचेमागे काही नव्हतं. पायाखालची नवी माती भुसभुशीत होती, तिचे खडे सुटून डोहात पडत होते आणि पडल्याचा आवाज उशिरा येत होता. म्हातारी कड्याला खांदा घासत, एकेक पाऊल टाकत, माझ्या छातीसमोरून गेली. तेवढा वेळ मला युगासारखा वाटला. जाताना ती म्हणाली, "सुखी राहा." तिच्या वाडीतही तीच रीत असणार.

आक्का इथे रोज उभी राहायची. दिवसातून कितीदा तरी. हे मी जाणत होतो आणि तरी मला ते माहीत नव्हतं.

मी घरी गेलो आणि पहार आणि कुदळ घेऊन परत आलो. कडा मुरमाचा होता. कठीण होता, पण काळा पाषाण नव्हता. त्या कड्यातच, आतल्या अंगाला, माणूस उभं राहील एवढा कोनाडा मी खणायला घेतला. रित्याने काठावर जायचंच नाही. कोनाड्यात शिरायचं, भरलेला पुढे गेला की बाहेर यायचं. मग कुणाला घाबरायला नको, कुणाला फडकं टाकायला नको.

लोक पुन्हा त्या वाटेने यायला लागले. काही म्हणाले, आता हा टेकडी पाडून गावावर घालणार. हातांना फोड आले, ते फुटले, त्यावर फडकं बांधून मी खणत राहिलो. सावळा कुंभार एकदा थांबला, मडकी खाली ठेवली, कोनाड्यात डोकावून बघितलं. म्हणाला, "अरे, हे आमाला आधी का सुचलं न्हाई?"

मी पहार पुन्हा मुरमात घातली. सुचायची गरजच पडली नव्हती. सगळ्यांचं फडक्यावर भागत होतं. जिचं भागत नव्हतं ती एकटी होती, आणि ती तक्रार करत नव्हती.

कोनाडा अर्धा झाला तेव्हा अनशीकाकू आली. शहराकडे चालली होती. डोक्यावर पाटी, पाटीवर फडकं. मला बघून जागच्या जागी थांबली. मी पहारीसकट आत शिरलो आणि पाठ मुरमाला लावली. वाट मोकळी होती. तरी ती हलेना. बारीक झाली होती, गळ्याच्या शिरा दिसत होत्या. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगेल. फडकं माझ्या हाताच्या अंतरावर होतं. हात उठलाही. मग मी तो पहारीवर घट्ट धरून ठेवला. ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. कड्याला चाचपत, अगदी सावकाश, ती निघून गेली.

पुढे कोनाडा पुरा झाला. मी आत उभा राहून पाहिलं. मला तो बरोबर बसला. पण आक्का माझ्यापेक्षा चार बोटं उंच होती, आणि तिच्या डोक्यावर पाटी असायची. म्हणून वरचा मुरूम आणखी खणला, आणि हात लांबवून तेवढी उंची भरते का ते बघितलं. भरली. खालची जमीन पायाने चोपून सारखी केली, सांडलेला मुरूम काठावर टाकला, हत्यारं खांद्यावर घेतली आणि घरी आलो. आक्कासाठी मी केलेलं हे शेवटचं काम.

तात्पर्य: नसलेलं ओझं मिरवणाऱ्याचा भार कुणाला तरी वाहावाच लागतो, आणि तो नेहमी खरं वागणाऱ्याच्या डोक्यावर येतो.